जबाब लिहिणाऱ्या बाई

“थांब, बाय. लूम चालू होऊ दे.”

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला आलेल्या बाईला असं सांगणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. भिवंडीत तेव्हा दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. वीज गेली की गल्लीतले सगळे यंत्रमाग एकदम थांबायचे आणि त्या खडखडाटात लहानाचे मोठे झालेल्या आम्हा लोकांना ती शांतताच चमत्कारिक वाटायची. आमच्या भागातल्या ठाण्याच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. त्या भिंतीच्या खिडकीपाशी कोणी बसायला तयार नसे. जबाब लिहिणाऱ्या बाईंनी तिथलं टेबल मागून घेतलं होतं.

ठाण्यात बायकांसाठी वेगळी खोली नव्हती. माग चालू असले की त्या टेबलापाशी बोललेलं दोन हातांपलीकडे जात नसे. वीज गेली की बाकावर बसलेला पाकीटमारसुद्धा सगळं ऐकायचा. म्हणून वीज गेली की बाई पेनाला टोपण लावायच्या, दोन चहा सांगायच्या आणि वाट बघायच्या. माग सुरू झाले की आपली खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे, त्या बाईच्या शेजारी आणून ठेवायच्या, कान तिच्या तोंडाजवळ न्यायच्या आणि म्हणायच्या, “हां. का झाला त सांग आता.”

बाई महिला हवालदार होत्या. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. आमचा तालुका केवढा आहे हे तुम्हाला ठाऊक असेलच. नाव कळलं की त्यांनी कोणाकोणाच्या तक्रारी लिहिल्या हे शोधून काढायला इथल्या माणसाला एक दुपार पुरेल. बलात्काराच्या केसमधल्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मला लॉ कॉलेजात शिकवलं होतं. पण त्याचा अर्थ मला बाईंनी समजावला.

एका स्थानिक साप्ताहिकानं बातमी छापली होती. पीडितेचं नाव नव्हतं. पाड्याचं नाव होतं, नवऱ्याचं होतं, ती जिथे कामाला जायची त्या गोदामाचं होतं. बाई अंक घेऊन त्या संपादकाच्या दुकानवजा कचेरीत गेल्या. मी योगायोगानं तिथे नोटीस छापायला गेले होते.

“तुम्ही नाव न्हाय छापलं, चांगलं केलंत,” बाई म्हणाल्या. “पण पाडा छापला, नवरा छापला, कामाची जागा छापली. आता उरलं काय? रेशन कार्डाचा नंबर?”

संपादक म्हणाला, “बाई, कायद्यात फक्त नाव असं…”

“नाव किंवा ओळख पटेल असं काहीही. वकीलबाई उभ्या हायत, विचारा त्यांना.”

मी मान हलवली. तेव्हा बाईंची माझी नुसती तोंडओळख होती. संपादकानं पुढच्या अंकात काय छापलं ते आठवत नाही, पण त्या दिवसापासून बाई कोर्टात कागद घेऊन आल्या की माझ्या टेबलाशी थांबू लागल्या.

त्या भिवंडीजवळच्या कोन गावच्या. आगरी घरातल्या, सत्तरच्या दशकात पोलिसांत भरती झालेल्या. उंची बेताची, खांदे रुंद, खाकी साडीचा पदर पट्ट्यात घट्ट खोचलेला. साहेबाशी बोलताना जमेल तेवढी शुद्ध मराठी, लूमवाल्यांच्या बायकांशी हिंदी आणि मनात आलं की गावची बोली. लग्नात आगऱ्यांच्या धवलारणी धवले गातात, त्यातल्या एकीच्या त्या मुलगी. आवाज पहाडी होता. हळदीला त्यांना लांबलांबून बोलावणं यायचं.

दोन हजार तीनच्या सुरुवातीची गोष्ट असेल. बाई माझ्याकडे आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “वकीलबाई, पुरावा कायद्यातलं ते एकशे पंचावन्नचं चौथं गेलं म्हणतात. खरं का?”

मी म्हटलं, “खरंय. बाईची चालचलणूक वाईट होती असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा होती. ती काढून टाकलीय.”

“म्हणजे आता वकील तिला विचारणार न्हाय, याआधी कोणाकोणाबरोबर होतीस?”

“विचारू नये असं आहे.”

“विचारतीलच,” बाई म्हणाल्या. “पण आता थांबवता येईल. मला त्याची झेरॉक्स द्या.”

मी दिली. त्यांनी घडी घालून कमरेच्या पाकिटात ठेवली. मग बसल्या. म्हणाल्या, “पंचवीस वर्षं कोर्टात मागं उभी राहून ते सवाल ऐकलेत मी. एकदा एका पोरीनं वकिलालाच विचारलं होतं, साहेब, तुमच्या घरी चोरी झाली तं याआधी कितींदा झाली विचारतात का? जज हसले. आरोपी सुटला.”

आता थोडं कायद्याचं सांगावं लागेल, नाहीतर बाई काय करत होत्या ते कळणार नाही. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत बलात्काराची व्याख्या अरुंद होती. पुरुषानं बाईशी तिच्या इच्छेविरुद्ध किंवा संमतीवाचून केलेला संभोग म्हणजे बलात्कार. मारण्याची किंवा इजा करण्याची भीती घालून ‘हो’ म्हणायला लावलं असेल, तर ती संमती धरायची नाही. ती भीती तिला स्वतःला घातलेली असो की तिच्या जिवाभावाच्या माणसाबद्दल घातलेली असो. शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पण ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ असली तर न्यायाधीशाला सातच्या खाली यायची मोकळीक होती. याच्या बाहेरचं जे काही असेल, मग ते बाईच्या शरीराशी कितीही क्रूर वागणं असो, ते सहसा ‘विनयभंगा’त जायचं. त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्ती तर व्याख्येतच धरली नव्हती, बायको पंधरा वर्षांच्या खालची नसली म्हणजे झालं.

या रेघा बाईंना तोंडपाठ होत्या. मार खाऊन आलेल्या एका लूम कामगाराच्या बायकोला त्यांनी सांगितलेलं मी ऐकलंय. “बहन, जो तू बोल रही है, उसका कानून में नाम नहीं है। मारा, उसका है। वो लिखती हूँ।” ती बाई गेली. मग त्यांनी चहाचा कप उचलला तर तो रिकामाच होता.

दुसरी एक होती, तिच्या बाबतीत जे झालं ते व्याख्येच्या रेघेबाहेर राहत होतं. कलम लागलं विनयभंगाचं. फौजदार साहेब म्हणाले, बाई, विनयभंगाला चार ओळी पुरतात, तुम्ही चार पानं काय लिहिताय. बाई म्हणाल्या, “साहेब, कलम लहान हाय म्हणून तिचं बोलणं लहान करू का मी?” आणि चार पानं लिहिली.

त्यांची खरी लढाई शब्दांशी होती. ठाण्यात लिहिताना सगळ्यांनाच या बाबतीत लाज वाटायची आणि त्या लाजेपोटी ठरावीक शब्द झाले होते. ‘वाईट काम केले’, ‘गैरकृत्य केले’, ‘अतिप्रसंग केला’. बाईंना ‘अतिप्रसंग’ या शब्दाचा विशेष राग. नव्या शिपायाला सांगायच्या, “अतिप्रसंग म्हंजे काय रे? माझ्या दिरानं माझ्या लग्नात पंगतीत भांडण काढलं, त्यालाबी घरचे अतिप्रसंगच म्हणतात. वकील कोर्टात विचारणार, नेमकं काय? तेव्हा काय सांगशील?” आणि एकानं ‘इज्जत लुटली’ असं लिहिलं तेव्हा त्यांनी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. “लुटली मंजे नेली. तिची इज्जत तिच्याजवळच हाय. त्यानं जे केलं ते लिही.”

आता मुख्य गोष्ट. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरची बाई ठाण्यात आली. आदिवासी, वय पंचवीस-सव्वीस, एक मूल. नवरा वीटभट्टीवर लांब गेलेला. ती आणि तिची धाकटी बहीण मानकोलीकडच्या एका गोदामात गोण्या शिवायच्या, भरायच्या कामाला जायच्या. तिथल्या मुकादमानं तिला मागच्या खोलीत बोलावून तिच्यावर जबरदस्ती केली होती. झालं त्याला तीन दिवस उलटले होते. अंगावर जखम नव्हती. ती ओरडली नव्हती. झाल्यावर बाहेर येऊन तिनं उरलेली शिफ्ट पुरी केली होती.

फौजदार साहेबांनी हे सगळं ऐकलं आणि बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “विनयभंग घ्या. तीन दिवस, जखम नाही, आरडाओरडा नाही. बलात्काराचं तीनशे शहात्तर टिकणार नाही आणि उगाच तिचीच शोभा होईल.” ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे त्या महिन्यात दोन खून आणि एक दंगलीची केस होती.

बाई म्हणाल्या, “आधी तिचं ऐकू द्या मला, साहेब. मग कलम ठरवू.”

आणि खुर्ची उचलून तिच्या शेजारी नेली.

मी तिथे नव्हते. पण तो जबाब मी नंतर इतक्या वेळा वाचला, की त्यातले प्रश्न लिहिलेले नसले तरी मला ऐकू येतात. त्या वेळी टेबलापाशीच असलेल्या एका शिपाईबाईनंही मला नंतर सगळं सांगितलं.

“वरडली का न्हाईस?” असं बाईंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “तो काय बोलला?”

“बोलला, आवाज करू नको.”

“एवढंच?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. पलीकडे माग खडखडत होते.

“माझी बहीण भायेर होती,” ती शेवटी म्हणाली. “तो मना बोलला, तुझी बहीण भायेर गोणी शिवतंय. आवाज केलास तं हा आकडा तिच्या मानंत घालीन.”

“आकडा म्हंजे?”

“गोणी वढायचा. लोखंडाचा. हमालांकडं असतो तो.”

“त्याच्या हातात होता?”

“हातात होता. मंग त्यानं तो पेटीवर ठेवला. माझ्या डोळ्यापुढंच ठेवला.”

बाईंनी हे सगळं लिहिलं. ‘मना’चं ‘मला’ केलं, ‘भायेर’चं ‘बाहेर’ केलं, बाकी काही बदललं नाही. मग विचारलं, “तीन दिवस का लागलं?”

“बहीण अजून तिथंच कामाला जात होती. मी बोललं असतं तं तिचं काय केलं असतं त्यानं? तिला आधी मामाकडं धाडली. काल गेली ती. आज मी आलं.”

तेही लिहिलं. मग उठून साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाल्या, “साहेब, जखम तिच्या अंगावर कशी असेल? भीती बहिणीची घातली होती. बलात्काराच्या व्याख्येतलं तिसरं बघा, आपल्या माणसाच्या जिवाची भीती घातली तर ती संमती न्हाय. हे तीनशे शहात्तर हाय.”

साहेबांनी जबाब वाचला. दोनदा वाचला असं शिपाईबाई म्हणाली. मग त्यांनी टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली. संध्याकाळपर्यंत मुकादम आत होता आणि मागच्या खोलीतल्या पेटीमागून आकडा पंचनाम्यात जप्त झाला होता. मी म्हटलं ना, ते वाईट माणूस नव्हते.

दवाखान्यात बाई तिच्याबरोबर गेल्या. तपासणीच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहून डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, “मॅडम, हात लावायच्या आधी तिला सांगा काय करणार ते. तिला कुणीतरी विचारून करू दे आता.”

पुढचं मी सांगितलं नाही तर ही गोष्ट फार सरळ वाटेल. ज्या जमिनीवर ते गोदाम उभं होतं ती बाईंच्या सख्ख्या मावसभावाची होती. मुकादम त्याच्या भरवशाचा माणूस. तक्रार लिहिताना बाईंना हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं, कारण मावसभाऊ त्यांच्या कोनच्या घरी आला. मीही एका कागदावर त्यांची सही घ्यायला नेमकी तिथे गेले होते.

तो ओटीवर बसला. सुपारी कातरत म्हणाला, “अक्का, तुला म्हाईत असतं तं तू लिवलं नसतंस.”

“लिवलं असतं.”

“गरिबाची बाई हाय. तिलाबी कोर्टकचेऱ्या कशाला? समजुतीनं घेऊ. तिच्या पाड्यावरच्या माणसांशी मी बोलतो, तुझ्या साहेबाशी तू बोल. मिटवून टाकू.”

बाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. “हे बघ भाऊ,” त्या शांतपणे म्हणाल्या. “बांधाचं भांडण मिटवता येतं. मारामारी मिटवता येते. ही केस मिटवता येत न्हाय. मी म्हटलं तरी न्हाय, ती म्हटली तरी न्हाय. कायद्यात तशी सोयच ठेवलेली न्हाय. ही केस तिची आणि त्याची न्हाय, सरकारची आणि त्याची हाय.”

“सरकार मंजे तूच ना?”

“मी त्यातली फक्त लिहिणारी.”

तो पाणी न पिता उठला. आमच्याकडे घरी आलेल्या माणसानं पाणी न पिता जाणं म्हणजे काय, ते सांगायला नको. बाई तांब्याकडे बघत राहिल्या आणि मग माझ्या कागदावर सही करून दिली.

त्या वर्षी त्या मावसभावाच्या मुलीचं लग्न झालं. सगळ्या पंचक्रोशीला आमंत्रण होतं. बाईंना नव्हतं. हळदीच्या दिवशी मांडवातला आवाज कोनपर्यंत नसेल आला, पण बातमी आली, की धवले गायला बाहेरून बाई आणली. मी दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेले तेव्हा बाई नेहमीसारख्या होत्या. मी काही विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, “ती पोरगी माझ्या मांडीवर वाढली.” मग जरा थांबून, “घसा बसलाच होता तसा.” त्यांचा घसा चांगला ठणठणीत होता.

केस ठाणे शहरातल्या सेशन्स कोर्टात चालली. सरकारी वकिलांना मदत म्हणून मी फिर्यादीचं वकीलपत्र घेतलं होतं. अशा केसेस बंद दाराआड चालतात. बाई स्वतः साक्षीदार, त्यामुळे त्यांची साक्ष होईपर्यंत त्यांना आत यायची परवानगी नव्हती. त्या बाहेर बाकावर बसायच्या आणि मी बाहेर आले की फक्त एवढंच विचारायच्या, “पाणी दिलं का तिला आत?”

आरोपीचे वकील अनुभवी होते. उलटतपासणीत अशा वकिलाचं मुख्य काम काय असतं, तर पोलिसांपुढे सांगितलेलं आणि कोर्टात सांगितलेलं यातलं अंतर शोधायचं. फिर्यादी बाई कोर्टात एखादी गोष्ट बोलली आणि ती मूळ तक्रारीत नसली, की म्हणायचं, ही तुम्ही आज पहिल्यांदा रचून सांगताय. कितीतरी खऱ्या तक्रारी एवढ्यावर बुडालेल्या मी पाहिल्यात, कारण लिहिणाऱ्यानं लाजेनं किंवा आळसानं चार ओळींत उरकलेलं असतं.

त्यांनी आमच्या फिर्यादीला विचारलं, “तुम्ही ओरडलात?”

“न्हाय.”

“प्रतिकार केला? ढकललं? चावलात?”

“न्हाय.”

“नंतर बाहेर येऊन काम केलंत?”

“केलं.”

“म्हणजे तुमची हरकत नव्हती.”

“त्याच्या हातात आकडा होता आणि भायेर माझी बहीण होती,” ती म्हणाली. तिचा आवाज लहान होता, पण स्टेनोला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.

वकिलांनी तक्रारीचा कागद उचलला. मला वाटतं, त्यांना तिथे ‘धमकी दिली’ एवढंच सापडेल अशी अपेक्षा असावी. त्यांनी वाचलं. पान उलटलं. परत मागचं पान बघितलं. मग कागद खाली ठेवून दुसऱ्या प्रश्नाकडे वळले.

पुढच्या तारखेला बाईंची साक्ष झाली. वकील म्हणाले, “आकडा हा शब्द तुम्हीच फिर्यादीत घातलात.”

“न्हाय साहेब,” बाई म्हणाल्या. “मला आकडा म्हंजे मटक्याचा म्हाईत होता. त्याच्याच केसेस करतो आम्ही. गोणी ओढायच्या हुकाला आकडा म्हणतात ते तिनं सांगितलं, म्हणून पुढं कंसात तसं लिहिलंय.”

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. ते हसत होते असं मला वाटलं.

निकाल दोन हजार सहात लागला. संमती नव्हती, बलात्कार सिद्ध झाला. आरोपी दोषी. शिक्षा पाच वर्षं. आरोपीवर म्हातारे आईवडील अवलंबून आहेत, पूर्वीचा गुन्हा नाही, ही ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ म्हणून सातच्या खाली.

व्हरांड्यात ती उभी होती, तिची बहीण होती, बाई होत्या. बाईंचा चेहरा उतरला होता. त्याच तिला म्हणाल्या, “बाय, सात व्हायला पाहिजे होते. पाच झाले.”

तिनं माझ्या हातातल्या निकालाच्या कागदांकडे बोट केलं. “ह्याच्यात काय लिवलंय? त्यानं केलं असं लिवलंय?”

“हो,” मी म्हटलं.

“वाच.”

निकाल इंग्रजीत होता. मी पान शोधलं आणि जमेल तसं मराठीत करून वाचलं. फिर्यादी विश्वासार्ह आहे. तिची संमती नव्हती. बहिणीच्या जिवाच्या भीतीनं ती गप्प राहिली. आरोपीनं तिच्यावर बलात्कार केला हे शाबीत झालं आहे.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं. या वेळी तिची बहीण पुढे सरकून ऐकत होती. वाचून झाल्यावर मोठीनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “मंग ठीक हाय. चला. एस्टी चुकेल.”

बाई तिच्यामागून दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तिला कळलं ते मला कळायला वेळ लागला बघ, वकीलबाई. मी आपली वर्षं मोजत बसले.”

बाई दोन हजार आठमध्ये निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला हार, नारळ, शाल. भाषण करा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “खिडकीजवळची खुर्ची हलते, तिचा एक पाय बदलून घ्या,” आणि बसल्या. पण निवृत्त झाल्या म्हणून सुटल्या नाहीत. त्यांनी लिहिलेल्या तक्रारींच्या केसेस एकेक करून उभ्या राहत होत्या आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना साक्षीचं समन्स यायचं. साधी सुती साडी नेसून, डब्यात भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी घेऊन त्या ठाण्याच्या कोर्टात यायच्या. मी दिसले की डबा उघडायच्या. “खा पोरी. कोर्टात मासळी खाऊ नये असं कुठल्या कलमात हाय?” त्यांनी मला ‘वकीलबाई’चं ‘पोरी’ कधी केलं ते माझ्या लक्षातच आलं नाही.

पुढच्या वर्षी त्या गेल्या. कावीळ झाली, पंधरा दिवसांत आटोपलं. मी कोनला गेले तेव्हा मावसभाऊ अंगणात कोपऱ्यात बसला होता. त्याच्यासमोर कोणीतरी पाणी ठेवलं होतं.

महिन्याभरानं त्यांची सून माझ्या ऑफिसात आली. हातात समन्स. “ताई, आत्यांच्या नावानं आलाय. काय करायचा?” साक्षीदार मयत असल्याचं कळवायचं असतं, ते मी करून दिलं. पण ती तक्रार बाईंनीच लिहिलेली, त्याखाली सही त्यांची. त्या अक्षराची ओळख पटवायला कोणीतरी हवं होतं. बरोबर काम केलेले दोघे बदली होऊन लांब गेलेले. सरकारी वकील मला म्हणाले, “तुम्ही त्यांचे पुष्कळ कागद पाहिलेत. तुम्ही येता का?”

आयुष्यात पहिल्यांदा मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. केस मला अजिबात ठाऊक नव्हती. कागद हातात दिला. निळी शाई, सरळ उभं अक्षर, प्रत्येक शब्दावरची रेघ शेवटपर्यंत ओढलेली. चार पानं होती. आरोपीचे वकील म्हणाले, “कशावरून ओळखता?” मी म्हटलं, “सहा-सात वर्षं मी हे अक्षर वाचतेय.” ते पुरेसं होतं. न्यायाधीशांनी लिहून घेतलं.

मी बाहेर आले. बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. ती चार पानं तिचीच होती आणि तिची उलटतपासणी आजच होती. माझा काळा कोट बघून तिनं विचारलं, “त्या हवालदारबाई आल्या न्हाईत?”

मी तिच्या शेजारी बसले आणि बाई गेल्याचं सांगितलं.

तिनं पिशवीची गाठ पुन्हा बांधली. मग म्हणाली, “त्यांनी मला सांगितलं होतं, तू आत बोलशील तेव्हा मी भायेर बसलेली असेन.”

शिपायानं दार उघडून पुकारा केला. नाव न घेता, केसच्या नंबरानं. तिनं पिशवी बाकावर माझ्या शेजारी ठेवली. म्हणाली, “हिच्याकडं बघा जरा,” आणि आत गेली.

मी तिथेच बसून राहिले.